पाणी दिसतं, पण येत नाही

मोटर बंद पडली की माणूस आधी विजेला शिव्या देतो, मग मोटर बनवणाऱ्याला, आणि दोघांनीही दाद दिली नाही की मला फोन करतो. फोनवरचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "काकू, कालपर्यंत चांगली चालू होती." जगातली प्रत्येक मोटर कालपर्यंत चांगलीच चालू असते. "काकू, महिनाभर कण्हत होती, मीच लक्ष दिलं नाही," असं सांगणारा प्रामाणिक माणूस मला इतक्या वर्षांत एकही भेटलेला नाही.

शिरूरला बाजारपेठेमागच्या गल्लीत आमचं मोटर वायंडिंगचं दुकान आहे. आता ते मुलगा बघतो. मी दुपारी चहाच्या वेळेला जाऊन बसते, न विचारता सल्ले देते आणि मुलाचा चेहरा पडला की घरी येते. पण तीसेक वर्षं दुकानाची फिरती बाजू माझ्याकडे होती. विहिरीवर जायचं, मोटर वर काढायची, रोग ओळखायचा, जमलं तर तिथंच बरी करायची, नाहीतर दुकानात आणायची. बायकांचं हे काम नाही, असं मला पुष्कळांनी ऐकवलं. पण ऐकवणाऱ्याच्या घरची टाकी त्या वेळी रिकामी असायची, त्यामुळे ऐकवून झालं की तो मुकाट्यानं बाजूला सरायचा.

हे काम माझ्याकडे आलं ते आमच्या ह्यांच्यामुळे. वायंडिंगमध्ये ह्यांचा हात धरणारा आजही तालुक्यात सापडायचा नाही. जळालेल्या मोटरच्या खाचांमधली काळी पडलेली तार उपसून नवी तांब्याची तार मोजून भरायची, एकही वेढा कमी-जास्त नाही. पण विहिरीत डोकावलं की माणसाला गरगरतं! स्थळ सांगून आलं तेव्हा मुलगा निर्व्यसनी आहे आणि स्वतःचं दुकान आहे एवढंच कळलं होतं. विहिरीचं कुणी बोललं नव्हतं. लग्नानंतर एकदा ह्यांच्याबरोबर एका विहिरीवर गेले, तर हे काठावरच्या लिंबाच्या झाडाला मिठी मारून खाली बसले आणि मला म्हणाले, "तू उतरतीस का जरा?" मी उतरले. तेव्हापासून दुकानाच्या आतलं काम ह्यांचं आणि बाहेरचं माझं.

ज्यांच्या घरी नुसता नळ आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. घरच्या विहिरीत बहुतेक ठिकाणी ओपनवेल मोटर असते. ही मोटर आणि पंप मिळून एकच नग असतो, तो दोरानं पाण्यात सोडतात आणि तो पाण्यातच राहतो. एका अंगाला जाळी असते. जाळीतून पाणी आत येतं, आतला पंखा ते पाइपात ढकलतो आणि टाकी भरते. एवढंच. ह्यात बिघडण्यासारखं फार नाही, पण जे बिघडतं त्यातलं निम्मं मोटरच्या बाहेर असतं. स्टार्टरच्या पेटीत पाल शिरते आणि मधोमध चिकटून बसते. तिचा जीव जातो आणि घरच्यांना वाटतं मोटर गेली. एकदा कोरेगाव भीमाला कंपनीत कामाला येणाऱ्या परप्रांतीय पोरांच्या खोल्या होत्या, तिथून फोन आला. "आंटी, मोटर चिल्लाती है, पानी नहीं देती." एवढ्या लांब गेले, मोटर वर काढली, आत सोडली, पुन्हा वर काढली. शेवटी गच्चीवर गेले तर टाकीजवळचा कॉक कुणीतरी कपडे वाळत घालायला म्हणून फिरवून ठेवलेला. त्या नळाच्या दांड्याला एक बनियन लटकत होतं. मी कॉक उघडला, बनियन घडी करून त्या पोराच्या हातात दिलं आणि परत आले.

अशा गोष्टी मी हसत हसत सांगू शकते, कारण त्यात शहाणी मीच असते. आता सांगते ती गोष्ट तशी नाही.

न्हावऱ्याच्या रस्त्याला आतल्या अंगाला एक मळा आहे. घरात आबा, त्यांची बायको सुलाबाई, रांजणगावला कंपनीत शिफ्टला जाणारा मुलगा दत्ता, सून रोहिणी आणि तिचा पाच वर्षांचा मुलगा. घरामागे पायऱ्यांची जुनी विहीर, आबांनी तरुणपणी स्वतः खोदलेली. प्यायला, धुण्याला, गोठ्याला तिचंच पाणी. मोटर आमच्याकडूनच बांधून नेलेली, त्यामुळे येणंजाणं होतं.

त्या घरी मी एकदा मोठ्या तोऱ्यात वागले होते. नवरात्रानंतर मोटर पाणी कमी देते म्हणून बोलावलं होतं. वर काढली तर जाळीला झेंडूच्या माळा. सुलाबाईंनी देवीची फुलं विहिरीत सोडली होती, जशी त्या वर्षानुवर्षं सोडत आल्या होत्या. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "सुलाबाई, मोटरला काय हळदीकुंकू करायचं होतं का? ही मोटर हाय, सवाष्ण न्हाई." सगळे हसले. सुलाबाईही हसल्या. दत्तानं तर दुसऱ्याच दिवशी विहिरीच्या भिंतीवर लाल रंगानं लिहून टाकलं, 'विहिरीत काहीही टाकू नये. हुकुमावरून.' हुकूम कुणाचा, तर अर्थात माझा. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला होता.

त्यानंतर वर्षभरानं रोहिणीला मुलगी झाली. ह्या घरात तीन पिढ्या नुसते मुलगेच होते, त्यामुळे पेढ्यांऐवजी जिलब्या वाटल्या, आमच्या दुकानातही आल्या. सव्वा महिना झाल्यावर आमच्याकडे बाळंतीण विहीर पूजते. काठाला हळदकुंकू लावायचं, खण, नारळ, तांदूळ घेऊन विहिरीची ओटी भरायची आणि मग त्या दिवसापासून तिनं पाण्याला हात लावायचा. रोहिणीनं पूजा केली आणि तिसऱ्या दिवशी मला दत्ताचा फोन आला. कालपर्यंत चांगली चालू होती म्हणे.

लक्षण विचित्र होतं. बटण दाबलं की पाणी भरून येई. दोन-तीन मिनिटांत धार बारीक होई, मग नुसतं थुंकल्यासारखं पाणी. बंद करून तासाभरानं चालू केली की पुन्हा दोन मिनिटं झकास. विहिरीत तर पाणी गच्च भरलेलं, दिसत होतं. मी मोटर वर काढली. जाळी स्वच्छ, पंखा मोकळा. मोटर सुरू करताना जोर देणारा डबा असतो, कपॅसिटर, तो बदलला. मोटर खाली सोडली, पाणी धो धो आलं तशी लगेच बंद केली. मी चहा घेतला आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन आला. ह्या वेळी मोटर दुकानात आणली. ह्यांनी ती उघडली, तपासली, पाण्याच्या पिंपात सोडून तासभर चालवली. आवाज असा की ऐकत बसावं. ती घेऊन परत गेले, सोडली, आणि चहा उकळेपर्यंत पुन्हा तेच. मी तारेला चिमटा-मीटर लावला. मोटर जेवढं पाणी उचलते तेवढी वीज ओढते. पंखा अडकला तर आकडा चढतो, पाणीच मिळालं नाही तर आकडा उतरतो. इथं आकडा उतरलेला होता. मोटर उपाशी होती, आणि तीही भरल्या विहिरीत. हे माझ्या डोळ्यांसमोर लिहून आलं होतं आणि मला ते वाचता आलं नाही. कारण माझं लक्ष पाण्याकडे नव्हतं, ह्यांच्या वायंडिंगच्या अब्रूकडे होतं. काठावर घरची, शेजारची मिळून सात-आठ माणसं जमली होती. मी हात झटकले आणि ठणकावून सांगितलं, "मोटरला दोष न्हाई. आमच्या कामाला तर न्हाईच न्हाई. तुमच्या विहिरीचंच कायतरी बिघडलंय."

एवढं बोलून मी निघून आले. मागे काय पेरून आले ते मला चार दिवसांनी न्हावऱ्याच्या चौकात कळलं. दुसऱ्या एका कामाला चालले होते, चहाला थांबले. डेअरीला दूध घालून आलेले एक ओळखीचे मामा शेजारी बसले आणि बातमी सांगावी तसे म्हणाले, "व्हय, आबाच्या विहिरीचं ऐकलं का? नात झाली आन् विहीर रुसली. पाणी दिसतंय, पन् येत न्हाई. तुमीच सांगितलं म्हनं, मोटर चांगली हाय, विहिरीचाच दोष हाय."

मी चहाचा कप तसाच खाली ठेवला. मामा वाईट माणूस नव्हे. त्यांच्यापर्यंत गोष्ट आली तशी त्यांनी पुढे दिली. आबांच्या थोरल्या भावजयीनं, मळ्यात सगळे तिला थोरली म्हणतात, त्या गोष्टीची म्हणच करून टाकली होती, 'पोरगी आली आन् पाणी गेलं.' पण तिला आधार माझा होता. तीस वर्षं विहिरीवर फिरलेल्या बाईचा शब्द होता तो.

त्याच दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. आवाज दबका.

"काकू, मी रोहिणी. मी फोन केला म्हणून सांगू नका. सोमवारी बोरची गाडी येणार हाय. बोर झाली की विहिरीवर स्लॅब टाकायचा म्हणतात."

"मंग पाण्याची अडचण मिटंल की गं."

"पाणी येईल वो. बोरला येईलच. पण माझ्या पोरीला जे नाव पडलंय ते पुसायचं कसं? ती शाळेत जाईल तरी म्हणतील, हीच ती. विहीर झाकली की मग कुणाला काही दाखवता येणार नाही. तुम्ही त्याच्या आत एकदा या."

मी रविवारी सकाळीच गेले. दत्ताला सांगितलं, नवा कपॅसिटर एकदा तपासून बघायचाय. ह्या वेळी मात्र मी पुरुषांना काही विचारलं नाही. घरात रोज बटण दाबते रोहिणी, टाकी भरली का बघते रोहिणी, आणि दोन्ही खेपांना मी तिला एक प्रश्न विचारला नव्हता. आता स्वयंपाकघराच्या दारात जाऊन विचारलं, आवाज कसा येतो?

तिनं कुठल्याही मिस्त्रीनं सांगावं असं सांगितलं. "सुरू झाली की जड वाजती. मग एकदम हलकी होती, जणू हातातलं ओझं कुणी काढून घेतलं. बंद केल्यावर खालनं एक बारीक गुबुक आवाज येतो. पाण्यात कायतरी सुटल्यावानी." थोडं थांबून ती बाळाचं दुपटं नीट करत म्हणाली, "काकू, तुम्ही दर वेळी मोटर बंद करून वर काढता. चालू असताना थोडी वर घेऊन बघितली तर?"

माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. जे काही होतं ते मोटर ओढत असतानाच जाळीला चिकटत होतं आणि बंद केली की सुटून जात होतं. मी दोन वेळा मोटर वर काढली आणि दोन्ही वेळा ते खालीच राहिलं.

आता करायचं काम धोक्याचं होतं, ते कुणी घरी करून बघू नये. चालू मोटरच्या पाण्याला बोट लावायचं नसतं. मी पायऱ्या उतरून पाण्याच्या वरच्या कोरड्या पायरीवर उभी राहिले. दत्ता आणि आबा वर दोर धरून होते, रोहिणी बटणापाशी. सुलाबाई मांडीवर नात घेऊन काठाला बसल्या होत्या आणि थोरली काय चाललंय ते बघायला आलीच होती. मी मोटर चालू करायला लावली. धार बारीक झाली तशी ओरडले, "ओढा, सावकाश. पाण्याच्या वर येऊ देऊ नका." पिशवीत माझ्याकडे नेहमी एक हातातला आरसा असतो. त्यानं वरचं ऊन विहिरीत पाडलं की हातभर खालचंही लख्ख दिसतं.

मोटर वर येत गेली आणि मला जाळी दिसली. जाळीवर हिरवागार खण ताणून बसला होता, लाल काठाचा. एका टोकाला गाठ, गाठीत तांदूळ आणि सुपारी. त्या वजनानं तो तळाला मोटरजवळ जाऊन बसला होता आणि मोटर चालू झाली की उठून जाळीला बिलगत होता.

मी बटण बंद करायला लावलं, पिन काढून घ्यायला लावली आणि बादल्या काढायचा गळ टाकून तो सुटायच्या आत पकडला. वरच्या माणसांकडे माझी पाठ होती. खण पिळून पिशवीत कोंबला आणि वर बघितलं. सुलाबाई काठाला उभ्या राहिल्या होत्या. तोंडात पदराचा बोळा आणि डोळे माझ्यावर. मला सगळं कळलं. वर्षापूर्वी ज्या बाईचं मी सगळ्यांसमोर हसं केलं होतं, ती माझ्याचकडे बघत होती.

वर आले तसा दत्तानं विचारलं, "काय होतं, काकू?"

"काही न्हाई," मी म्हणाले. "गाळ होता. जाळीवर बसत होता."

मला वाटलं, मी फार मोठ्या मनाचं काम केलं. मोटर चालू केली, पाणी आलं, दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, धार तशीच. आबांचा चेहरा असा उजळला की बघत राहावं. दत्ता बोरवाल्याला नको सांगायला फोन काढायला लागला. तेवढ्यात थोरली हनुवटीला हात लावून म्हणाली, "बघा बया. इतकी वर्सं ह्या विहिरीला कधी गाळ न्हवता. पोरगी आली आन् गाळ धरला."

मी गार झाले. माझ्या चांगुलपणाचं तिनं एका वाक्यात भरीत केलं होतं. गाळ मीच सांगितला होता.

सुलाबाईंनी नात रोहिणीच्या हातात दिली आणि सरळ माझ्यासमोर आल्या.

"काढा त्यो खण पिशवीतनं."

"सुलाबाई, राहू द्या."

"काढा म्हनते ना." मी काढला. त्यांनी तो ओला खण सगळ्यांसमोर झटकून उघडला. तांदूळ जमिनीवर पडले. "गाळ न्हाई, बिळ न्हाई. पूजेच्या दिशी मी टाकला ह्यो. समदी घराकडं वळली तवा टाकला. तीन पिढ्यांनी घरात लेक आली, आन् विहिरीला ओटी नुसती दावून माघारी न्यायची? ती काय ओटी झाली? नारळ तरंगला आसता म्हनून त्यो न्हाई टाकला." मग थोरलीकडे वळल्या. "ह्यात पोरीचा पाय न्हाई, माझा हात हाय. आता गावभर सांग. डेअरीवर पन सांग."

दत्तानं भिंतीवरच्या आपल्या लाल अक्षरांकडे बघितलं आणि फिसकन हसला. आबा तर दोर हातात धरून इतके हसले की त्यांना खोकला लागला. "आगं," ते म्हणाले, "दर पोळ्याला मी पन सुपारी टाकतोय. कुनाला बोललो न्हाई." मग मीही हसले. मी सुलाबाईंचे हात धरले आणि जे वर्षापूर्वी बोलायला नको होतं त्याची माफी मागितली. "तुमी बोलला त्ये खरंच हुतं की," त्या म्हणाल्या, "पन् समद्यांसमोर बोलला, म्हनून ह्येबी दडवलं." ते मला लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

सगळं हसण्यात मिटतंय असं वाटत असताना सुलाबाई सुनेकडे वळल्या. "रोहिणी, तुला राग आला आसंल गं. आठ दिस समदी तुझ्या लेकीला बोलत हुती आन् मी गप बसले."

रोहिणी बाळाच्या डोक्यावरचं टोपरं सारखं करत होती.

"आत्या, मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "मी मागं वळून बघितलं होतं त्या दिवशी."

सुलाबाई पुन्हा काठाला बसल्या.

"आगं मंग बोलली का न्हाईस? आठ दिस?"

"तुम्ही बोलाल म्हणून वाट बघत होते," रोहिणी म्हणाली, आणि तिनं लेक पुन्हा सासूच्या मांडीवर ठेवली.